जिप्सी तीन इंच उचलली: ब्रेकच्या होजच्या नोंदी

गाडी मारुती जिप्सी, एमजी ४१३ डब्ल्यू, २०१२ ची. पुढे-मागे पाटे (स्प्रिंगच्या कमानदार पट्ट्या), ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. होज, म्हणजे ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्या, तीन: पुढच्या दोन्ही चाकांना एकेक आणि मागे चेसिसवरून (गाडीच्या सांगाड्यावरून) एक्सलवर (चाकांच्या आसावर) उतरणारी एक. गाडी ऑफरोड स्पर्धांसाठीच ठेवली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी दाखल्यातल्या तपशिलाला बाधा येईल असा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून हे सगळं काम कोल्हापूरजवळ वडणग्याच्या आमच्या शेतातल्या शेडमध्ये केलं आणि गाडी इथून पुढे टेम्पोवर चढवूनच जाईल. उंची वाढवण्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. होजबद्दल "लांब लावा" एवढंच सगळीकडे सापडतं. किती लांब, ते कुठे मोजायचं, हे कुणी सांगत नाही, म्हणून या नोंदी.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

उद्यमनगरातले मेस्त्री सकाळी नऊला आले. जास्त कमानीचे नवे पाटे चारही चाकांना, त्यांनी दोन इंच. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी, मूळपेक्षा दोन इंच लांब, त्यांनी एक इंच, कारण शॅकलच्या वाढीव लांबीची निम्मीच उंची मिळते. एकूण तीन इंच. पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घेतले. जुने एकदा ताणले गेलेले असतात, ते परत आवळायचे नाहीत.

लांब शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) अजून आलेले नाहीत. मागचे जुने शॉकअप खालच्या बोल्टपर्यंत पोचेनात म्हणून काढूनच ठेवले. याची किंमत उद्याच्या नोंदीत आहे.

संध्याकाळी गाडी चारही चाकांवर उभी केली आणि खाली झोपून होज पाहिल्या. तिन्ही सैल. मागची थोडी सरळ झालेली, पण हाताने हलत होती. मेस्त्री म्हणाले, "पुरतंय की ओ दादा." मलाही तसंच वाटलं आणि मी शेड बंद केली.

१० नोव्हेंबर, रविवार

यू-बोल्ट परत एकदा आवळायचे म्हणून मागून चेसिसला जॅक लावला आणि दोन्ही चाकं उचलली. एक्सल हळूहळू खाली लोंबला, मग शेवटचे दोन-अडीच इंच एकदम सुटला आणि धप्प आवाज झाला. पाटा थांबायच्या आधी होजने त्याला धरलं होतं.

चेसिसवरची होजची पट्टी खाली वाकली. तिच्यामागचा लोखंडी पाइप धनुष्यासारखा झाला. होजच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी टोपी रबरावर दाबून बसवलेली असते, तिथे अंगठ्याने रबर वाकवलं तर केसासारख्या चार भेगा उघडल्या. गळती शून्य. पेडलही घट्ट. म्हणजे खाली वाकून पाहिलं नसतं, तर हीच होज घेऊन मी नाल्यात उतरलो असतो.

चूक काय झाली ते स्पष्ट लिहितो. गाडी जमिनीवर उभी असताना होज पुरते का, हा प्रश्नच चुकीचा. चाक पूर्ण लोंबल्यावर पुरते का, हे बघायचं. एक्सल किती लोंबणार हे शॉकअप ठरवतो. तो पूर्ण उघडला की एक्सल तिथेच थांबतो. शॉकअप काढलेला असला की पाटा आणि होज एवढंच उरतं, आणि त्या दोघांत आधी ताण होजवर आला. शॉकअप नसताना गाडी चेसिसवरून उचलायची नव्हती. उचलायचीच होती, तर होज आधी सोडायला हवी होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

स्वस्तातला उपाय करून पाहिला. मूळ मापाची नवी मागची होज आणली, ४८० रुपये. चेसिसवरची पट्टी दोन इंच खाली घ्यायला तीन मिलीमीटर पत्र्याची जोडपट्टी कापून घेतली, ड्रिल मारून आणि वळवून १५० रुपये. एक-दीड इंच उंची वाढवणारे बरेच जण एवढ्यावरच भागवतात, आणि लोंबून मोजल्यावर पुरत असेल तर ते चूक नाही.

मी पट्टीला गोल भोक पाडून घेतलं. मूळ पट्टीचं भोक गोल नसतं. त्याला एक बाजू सपाट असते आणि होजच्या टोकालाही तशीच सपाटी असते, म्हणजे होज जागेवर फिरत नाही. गोल भोकात ती फिरली. लोखंडी पाइपचा नट आवळायला घेतला तशी होज नटाबरोबर वळली आणि पाइपला पीळ पडला. तो पाइप आता बदलायचा. दीड तास आणि एक पाइप गेला. होजच्या अंगावर पांढऱ्या मार्करने लांबीभर सरळ रेघ मारून ठेवा. रेघ गुंडाळीसारखी दिसली की पीळ पडलाय, हे एका नजरेत कळतं. ही युक्ती मला या घोळानंतर सुचली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

शॉकअप आले. बसवले. आज फक्त मोजमाप, आणि या सगळ्या कामातला हाच दिवस सर्वांत महत्त्वाचा. घाई करू नका. मला साडेपाच तास लागले.

चेसिस चार घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) ठेवली, चाकं काढली. होज सोडून लोखंडी पाइपांच्या तोंडाला रबरी टोप्या घातल्या, नाहीतर सगळं ऑइल जमिनीवर जातं. मग होजच्या जागी सुतळी बांधली. सुतळी ताणून सरळ धरायची नाही. होज ज्या वळणाने जाणार त्याच वळणाने न्यायची, आणि दोन्ही टोकांना गाठ मारायची. गाठीपासून गाठीपर्यंतचं अंतर हेच माप.

मागे तीन मापं घेतली. एक्सल दोन्ही बाजूंनी पूर्ण लोंबलेला. मग डावीकडे जॅक लावून पाटा वर दाबलेला आणि उजवी बाजू लोंबलेली. मग याच्या उलट. होज एक्सलवर जिथे येते ती जागा बरोबर मध्यावर नाही, म्हणून दोन्ही तिरक्या मापांत पाऊण इंचाचा फरक आला. सर्वांत मोठं माप मूळ होजपेक्षा साडेचार इंच जास्त निघालं.

उंची तीन इंच आणि होजला साडेचार? कारण उंची आणि लोंबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे मागचे शॉकअप पूर्ण उघडल्यावर जुन्यांपेक्षा चार इंच लांब आहेत, म्हणजे एक्सल चार इंच जास्त खाली जाणार. शिवाय लोंबताना पाट्याची कमान वाढते, शॅकल फिरतो आणि एक्सल सरळ खाली न जाता थोडा सरकतो. उरलेला अर्धा इंच तिथे गेला. हेच पाटे ठेवून आखूड शॉकअप लावले असते तर मूळपेक्षा दोन इंच लांब होजवरही भागलं असतं. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचं माप उचलू नका, अगदी तीच गाडी आणि तेवढीच उंची असली तरी. मीही मूळ होजची लांबी इथे मुद्दाम देत नाही.

पुढे स्टिअरिंगमुळे काम वाढतं. कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) चाकाबरोबर वळतो, म्हणून एक्सल लोंबलेला ठेवून स्टिअरिंग सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे, असं प्रत्येक होजला तीनदा मोजलं. सरळ असताना दोन्हीकडे पावणेतीन इंच जास्त लागत होते. एका टोकाला वळवल्यावर तेच साडेतीन झालं. सहा सूत, म्हणजे पाऊण इंच फरक केवळ स्टिअरिंगचा. फक्त सरळ ठेवून मोजलं असतं, तर लोंबलेल्या चाकाने वळताना होज ताणली गेली असती.

मग उलटी तपासणी: होज जास्त लांब झाली तर? चाक परत चढवलं, जॅकने एक्सल बंप रबरला (एक्सल वर थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर घेतला, स्टिअरिंग टोकाला नेलं. साडेचार इंच जास्तीची सुतळी बाहेर फुगली आणि टायरच्या आतल्या बाजूला टेकली. टायर घासून होज फुटणं हे ताणून फुटण्याइतकंच वाईट. उपाय म्हणजे मध्ये एक आधार: चेसिसला रबर लावलेली क्लिप, जिच्यामुळे फुगवटा आत राहतो आणि खालच्या टोकाला हालचाल मोकळी मिळते. क्लिप कुठे यायला हवी तिथे खडूने खूण केली.

ठरलेलं माप: मागची मूळपेक्षा साडेपाच इंच जास्त, पुढच्या दोन्ही साडेचार. म्हणजे सर्वांत मोठ्या मापावर प्रत्येकी एक इंच मोकळीक.

१८ नोव्हेंबर, सोमवार

जेसीबी-ट्रॅक्टरच्या होज करून देणाऱ्याकडे गेलो. त्याने माझ्या समोर वीस मिनिटांत मागची होज दाबून दिली. ४५० रुपये. हातात जाडजूड, भक्कम. दाब किती सोसते विचारलं, तर ब्रेकला लागतो त्याहून जास्तच.

घरी येऊन बसवायला घेतली आणि होजच्या अंगावरचा छापील मजकूर वाचला. हायड्रॉलिक ऑइलसाठी. थांबलो. हायड्रॉलिक ऑइल पेट्रोलियमचं, ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं. तेलाला टिकणारं नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. ब्रेकच्या होजला आतून ईपीडीएम रबर लागतं, नाहीतर पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी. दुकानदाराने फसवलं नाही. ती ब्रेकसाठी हवी आहे हे मी त्याला नीट सांगितलंच नव्हतं.

दुकानातून उरलेला तुकडा आणला होता. त्यातला दोन इंचाचा काप काचेच्या बरणीत डॉट ४ या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवला.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज विधानसभेचं मतदान, सगळं बंद. सकाळी मत देऊन आलो आणि बरणी पाहिली. ऑइल पिवळसर होतं ते चहाच्या रंगाचं झालंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

तुकडा बाहेर काढला. आतलं भोक स्पष्ट लहान झालंय. सोमवारी जो ड्रिलचा दांडा त्यात सहज जात होता तो आज अडकला. नखाने आतलं रबर खरवडलं तर काळी पेस्ट नखाखाली आली. हे ब्रेकमध्ये झालं असतं तर पेडल सोडल्यावर ऑइल परत यायला वाट राहिली नसती आणि चाक जाम झालं असतं, आणि ती पेस्ट मास्टर सिलिंडरपर्यंत (पेडलमागच्या, ब्रेकचा दाब तयार करणाऱ्या नळकांड्यापर्यंत) गेली असती ते वेगळंच. ४५० रुपयांची होज कापून टाकली, कुणी चुकून वापरू नये म्हणून.

पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात तिन्ही होज सांगितल्या: आतून पीटीएफई, बाहेरून स्टीलची जाळी, जाळीवर प्लास्टिकचं आवरण. आवरण मागून घ्या. उघडी जाळी चिखलवाळूत करवतीसारखी चालते आणि जिथे टेकेल ते कापते. तिन्हींचे ५,७०० रुपये. चाकाची बाजू बँजो (पोकळ बोल्टने आवळायचं कडीसारखं टोक), चेसिसची बाजू एम१० बाय १ (दहा मिलीमीटर व्यास, एक मिलीमीटर अंतर) आटे, असं सांगितलं. आट्यांचं माप दिलं म्हणजे सगळं दिलं, असं मला वाटत होतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

पार्सल आलं. मागची होज बसवली, १२ तारखेला पिळलेल्या पाइपच्या जागी नवा पाइप टाकला, ऑइल भरलं. आटे लोण्यासारखे बसले. पेडल दाबून धरलं आणि दोन मिनिटांत चेसिसच्या जोडाखाली थेंब जमला. आवळलं. परत थेंब. आणखी आवळलं. थेंब थांबला नाही, आणि पाइपचं तोंड मात्र चेपलं.

जुनी होज काढून दोन्हींच्या तोंडात बॅटरी मारून पाहिली. जुनीच्या आत तळाशी मधोमध एक छोटा शंकू वर आलेला आहे. नवीच्या आत तळ खोलगट आहे, वाटीसारखा. आटे दोन्हींचे एकच. गाडीच्या पाइपचं तोंड नरसाळ्यासारखं उघडलेलं, दुहेरी दुमडलेलं. ते शंकूवर बसतं. खोलगट तळाला फुगीर तोंडाचा पाइप लागतो, जो युरोपीय गाड्यांना असतो. नरसाळं वाटीत बसवलं की फक्त कडा टेकते, मग कितीही आवळा.

चूक माझीच. जुनी होज नमुना म्हणून पाठवली असती तर दुकानदाराला दिसलं असतं.

शिवाय सांडलेलं ऑइल मडगार्डवर अर्धा तास तसंच राहिलं आणि तळहाताएवढा रंग उचलला गेला. ब्रेक ऑइल सांडलं की लगेच भरपूर पाणी ओता. नुसतं फडक्याने पुसलं तर पसरतं.

१ डिसेंबर, रविवार

दोन वाटा होत्या: होज परत पाठवायच्या, नाहीतर तीन पाइपांची तोंडं फुगीर करून घ्यायची. मेस्त्रींचं मत दुसऱ्या वाटेकडे, कारण काम आजच झालं असतं. मी पहिली धरली. उद्या स्पर्धेच्या ठिकाणी, आडरानात होज फुटली, तर तिथे मिळेल ती जिप्सीची साधी होजच मिळेल, आणि ती या पाइपांना बसली पाहिजे. मेस्त्रींना हे पटलं. चेपलेलं तोंड कापून त्यांनी नव्याने दुहेरी फ्लेअर, म्हणजे दुमडलेलं नरसाळं केलं. पहिल्या दोन वेळा कड तिरकी आली, कारण पाइप कापल्यावर आतला बर (कापताना उरलेली धारदार कड) काढला नव्हता. तिसरं बरोबर.

७ डिसेंबर, शनिवार

बदललेल्या होज आल्या, जाण्यायेण्याचं कुरिअर ३४० रुपये. या वेळी बसवण्याआधी तिन्हींच्या तोंडात बॅटरी मारली. शंकू आहेत.

बँजो बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वायसर. जुना वायसर एकदा दबला की कडक होतो, परत नीट बसत नाही. सहा वायसरचे ९० रुपये वाचवू नका. होज आधी चाकाच्या बाजूला पक्की करायची, मग वरचं टोक पीळ न पडता जिथे स्वतःहून येईल तिथे पट्टीत घालायचं, घोड्याच्या नालेसारखी क्लिप ठोकायची आणि सर्वांत शेवटी पाइपचा नट. मार्करची रेघ तिन्हींवर सरळ राहिली.

हवा काढायला पुतणी पेडलवर बसली. क्रम मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाकडून जवळच्याकडे: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ती "दाबलं काका" म्हणाली की मी चाकावरचा हवा काढायचा स्क्रू, म्हणजे निपल उघडायचा, "धरून ठेव" म्हणत बंद करायचा, मग "सोड". निपल उघडा असताना पेडल सुटलं तर हवा परत आत जाते. एकदा तसं झालं आणि मागचं डावं पहिल्यापासून केलं. तरीही पेडल स्पंजसारखं. तासभर डोकं खाजवल्यावर मेस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "मागच्या व्हॉल्व्हला निपल हाय, त्याची काढली का?" नव्हती काढली. मागे चेसिसवर एलएसपीव्ही असतो, गाडीत वजन किती त्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह, आणि त्यावर स्वतंत्र निपल आहे. तिथून बुडबुडे निघाले आणि पेडल वर आलं. एकूण सव्वा लिटर ऑइल गेलं.

८ डिसेंबर, रविवार

ऊस तुटून गेलेल्या रानात गाडी फिरवली. ताशी वीसवर जोरात ब्रेक मारला. पुढची चाकं घसरली, नाक खाली गेलं, मागची चाकं फिरतच राहिली. तीनदा केलं, तीनदा तेच.

गळती नाही, हवा नाही. कारण परत उंचीच. एलएसपीव्हीची दांडी एक्सलला जोडलेली असते. गाडीत माल भरला की चेसिस एक्सलच्या जवळ येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. मी चेसिस एक्सलपासून तीन इंच लांब नेली. व्हॉल्व्हच्या हिशोबाने गाडी रिकाम्याहून रिकामी, म्हणून त्याने मागचा दाब तोडला. काही जण हा व्हॉल्व्हच काढून सरळ पाइप जोडतात. मी ते करणार नाही. रिकाम्या, आखूड गाडीत मागची चाकं आधी घसरली तर गाडी उतारावर आडवी फिरते.

एक्सलवर दांडी जिथे लागते तिथे तीन इंच उंचीची पट्टी करून घेतली, ३०० रुपये. दांडीचा कोन उंची वाढवण्याआधीच्या फोटोशी ताडून बसवला. फोटो योगायोगाने होता. काम सुरू करायच्या आधी हा कोन मोजून लिहून ठेवा. दुपारी परत त्याच रानात: पुढची चाकं किंचित आधी, मागची लगेच पाठोपाठ. असंच हवं.

१५ डिसेंबर, रविवार

ओढ्याकाठच्या उतरणीवर गाडी तिरकी घातली, मागचं उजवं चाक हवेत वीतभर. इंजिन बंद केलं, गिअर टाकला, इतर तीन चाकांना दगडांचे अडसर लावले आणि खाली वाकून पाहिलं. शॉकअप पूर्ण उघडलेला, होजला अजून बोटभर वळण शिल्लक. पुढे डावीकडे स्टिअरिंग टोकाला नेल्यावर क्लिपखाली होज आणि टायर यांत दोन बोटं जागा.

एक गोष्ट मात्र निसटली होती. मागच्या डिफरन्शिअलची (एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याची) ब्रीदर नळी, म्हणजे हवा आतबाहेर जाण्याची नळी, ताणून तिच्या निपलवरून अर्धी सुटली होती. ती सुटून ओढ्याचं पाणी आत गेलं असतं तर ऑइलचं ताक झालं असतं. घरी येऊन फूटभर जादा लांबीची नळी टाकली, ६० रुपये.

२२ डिसेंबर, रविवार

रानात दोन रविवार चालवून सगळे जोड कोरड्या टिश्यूने पुसून पाहिले. मागचा बँजो आणि दोन्ही पुढचे कोरडे. चेसिसवरच्या मागच्या जोडाला टिश्यू जरासा ओलसर झाला. नट आवळला तर पाव फेरा फिरला आणि त्यानंतर रात्रभर खाली ठेवलेलं वर्तमानपत्र कोरडं राहिलं. पुढच्या उजव्या क्लिपचं रबर एका बाजूने दबलंय, तिथे होजच्या आवरणावर पुसट चकाकी आलीये. क्लिप चार सूत मागे सरकवली, खडूची नवी खूण केली. पंधरा दिवसांनी परत बघायचं.

नुसत्या ब्रेकचा खर्च, पाटे-शॉकअप सोडून: वापरलेलं सामान, ऑइल आणि पाइप धरून ८,१०० रुपये, वाया गेलेलं १,५७० रुपये, त्यात कापून टाकलेली होज, मूळ मापाची न वापरलेली होज, गोल भोकाची पट्टी, पिळलेला पाइप आणि कुरिअर. मडगार्डचा रंग अजून व्हायचाय.